जुन्या गिटारमधील पिकअपची जोडणी: वायरींच्या रंगांवर किती विसंबावे?

धागाकर्ता

माझ्या मामांनी अनेक वर्षे वाजवलेली एक इलेक्ट्रिक गिटार आता माझ्याकडे आली आहे. भरीव लाकडाची बॉडी, दोन हमबकर (दुहेरी कॉइलचे) पिकअप, म्हणजे गिटारच्या तारांची कंपने विजेच्या संकेतात बदलणारे भाग, प्रत्येकाला स्वतंत्र व्हॉल्यूम आणि टोन, आणि तीन स्थानांचा टॉगल स्विच अशी तिची रचना आहे. हेडस्टॉकवरचे नाव घासून गेले असल्यामुळे ती कोणी बनवली हे कळायला मार्ग नाही.

नेककडचा (मानेकडचा) पिकअप एकटा लावला की आवाज भरदार येतो. ब्रिजकडचा (तारा टेकतात त्या पट्टीकडचा) लावला की आवाज एकदम उतरतो, चिरका होतो आणि मागे सतत घरघर ऐकू येते. स्विच मधल्या स्थानी ठेवून दोन्ही एकत्र लावले, तर आवाज वाढण्याऐवजी पोकळ होतो, जणू नाकातून यावा तसा, आणि खालच्या पट्टीतला सगळा भरीवपणा नाहीसा होतो.

मागचे झाकण काढून पाहिले. नेककडच्या पिकअपमधून वरून तारांची जाळी विणलेली एकच वायर येते. ब्रिजकडच्या पिकअपमधून मात्र लाल, काळी, पांढरी, हिरवी आणि एक उघडी अशा पाच वायरी येतात. तो पिकअप मागाहून कधीतरी बदललेला असावा. लाल वायर व्हॉल्यूमच्या पॉटला (बटणाखालच्या बदलत्या रोधाला), हिरवी आणि उघडी पॉटच्या पाठीवर, आणि काळी व पांढरी एकमेकींना जोडून त्यांवर टेप, अशी सध्याची जोडणी आहे. ज्या कारागिराला मी गिटार दाखवली त्यांचे म्हणणे असे पडले की जोडणी रंगांनुसार बरोबर आहे, पिकअप जुना होऊन निकामी झाला आहे आणि तो बदलावा. मला ते पटत नाही आणि मामांची गिटार मला शक्य तितकी आहे तशीच राखायची आहे. माझ्याकडे डिजिटल मल्टिमीटर आहे आणि सोल्डरिंगचा थोडा सराव आहे. सुरुवात कुठून करावी?

प्रतिसाद १

कृपया आत्ताच सोल्डरिंग आयर्न तापवू नका. आधी चांगल्या उजेडात चार बाजूंनी छायाचित्रे घ्या आणि त्यानंतर कागदावर स्वतःच्या हाताने जोडणीची आकृती काढा. छायाचित्रात एका वायरीखाली दुसरी लपते. आकृती काढताना मात्र प्रत्येक वायर कुठून निघून कुठे जाते हे पाहावेच लागते, आणि बऱ्याच चुका तिथेच उघड होतात.

आपण सांगितलेली लक्षणे म्हाताऱ्या झालेल्या पिकअपची वाटत नाहीत. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती इनॅमल लावलेल्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. ही तार बहुधा ४२ गेजची, म्हणजे सुमारे ०.०६३ मिलिमीटर जाडीची असते. ती तुटू शकते, गंजू शकते, तिचे इनॅमल उडून वेढे आपसांत चिकटू शकतात, पण केवळ वय झाले म्हणून आवाज निम्मा होत नाही. हमबकरमध्ये अशा दोन कॉइल शेजारी शेजारी असतात. दोन्हींच्या चुंबकीय दिशा परस्परविरुद्ध असतात आणि विद्युत दिशाही परस्परविरुद्ध असतात, त्यामुळे गिटारच्या तारेच्या कंपनाचा संकेत दोन्हींतून एकाच बाजूला येऊन बेरीज होतो, तर बाहेरून आलेली घरघर दोन्हींत उलटसुलट येऊन वजा होते. आपल्या ब्रिज पिकअपमध्ये घरघर वजा होत नाही आणि आवाजही कमी आहे. दोन्ही लक्षणे एकत्र आली की पहिला संशय असा की दोनपैकी एकच कॉइल काम करत आहे.

आता रंगांविषयी. गिब्सन या गिटार कंपनीत सेथ लव्हर यांनी घडवलेल्या हमबकरसाठी १९५५ मध्ये पेटंटचा अर्ज झाला आणि १९५९ मध्ये ते मंजूर झाले. त्या काळच्या पिकअपमध्ये दोन कॉइलचा जोड आतच केलेला असे आणि बाहेर जाळीची एकच वायर येई: आतली तार म्हणजे संकेत, वरची जाळी म्हणजे ग्राउंड (परतीची, शून्य बाजू). पुढे चार वायरींचे पिकअप आले, तेव्हा दोन्ही कॉइलची चारही टोके बाहेर आली आणि मधला जोड करण्याचे काम गिटार जोडणाऱ्याच्या हाती आले. कोणत्या टोकाला कोणता रंग द्यायचा याचा मात्र सर्वांनी पाळावा असा नियम कधीच झाला नाही. दिमार्झिओच्या पिकअपमध्ये लाल वायर संकेताची, हिरवी ग्राउंडची आणि काळी व पांढरी एकमेकींना जोडायची. सेमूर डंकनच्या पिकअपमध्ये काळी संकेताची, हिरवी ग्राउंडची आणि लाल व पांढरी एकमेकींना जोडायची. रंग तेच, अर्थ वेगळा. त्यामुळे पिकअप कोणाचा हे ठाऊक नसताना ‘रंगांनुसार बरोबर’ या वाक्याला काही आधार उरत नाही.

सोल्डर न काढता तीन मोजमापे घ्या. गिटारच्या जॅकमध्ये केबल घाला, दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे ठेवा (ते कमी असतील तर पॉटचा रोध मिसळून आकडा फसवा येतो), मीटर २० किलोओहमच्या पट्ट्यावर ठेवा आणि केबलच्या दुसऱ्या टोकाच्या प्लगवर टोक व दांडा यांमधला रोध स्विचच्या तिन्ही स्थानांवर मोजा. टोनमध्ये कपॅसिटर असल्यामुळे टोनच्या बटणाचा या आकड्यावर परिणाम होत नाही. त्यानंतर काळ्या-पांढऱ्या जोडावरची टेप काढून त्या जोडापासून पॉटच्या पाठीपर्यंतचा, म्हणजे ग्राउंडपर्यंतचा, रोध मोजा. हा शेवटचा आकडा सर्वांत महत्त्वाचा आहे.

प्रतिसाद २

झाकण उघडलेच आहे तर पॉटच्या पाठीवर किंवा कडेवर कोरलेले आकडेही टिपून ठेवा. सुरुवातीला १३७ असेल तर तो सीटीएस या कंपनीचा पॉट, ३०४ असेल तर स्टॅकपोल कंपनीचा. १९६० नंतरच्या पॉटवर पुढचे दोन आकडे साधारणपणे वर्षाचे आणि शेवटचे दोन आठवड्याचे असतात.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. आकडे असे आले: नेक ७.४ किलोओहम, ब्रिज ४.१ किलोओहम, दोन्ही एकत्र २.६ किलोओहम. काळ्या-पांढऱ्या जोडापासून ग्राउंडपर्यंत मीटर काहीच दाखवत नाही, म्हणजे परिपथ उघडा आहे. चारही पॉटवर १३७७२१८ असा आकडा आहे.

प्रतिसाद १

शेवटच्या मोजमापाने उत्तर दिले आहे. जोडणी योग्य असती, तर मधल्या जोडापासून ग्राउंडपर्यंत एक कॉइल लागली असती आणि मीटरने एकूण रोधाच्या सुमारे निम्मा आकडा दाखवला असता. आपल्याकडे तो जोड कुठेच पोहोचत नाही, तरीही लाल आणि हिरवी यांच्यामध्ये ४.१ किलोओहम आहेत. म्हणजे लाल आणि हिरवी ही एकाच कॉइलची दोन टोके आहेत, आणि काळी व पांढरी ही बहुधा दुसऱ्या कॉइलची दोन टोके आहेत. ज्यांनी ही जोडणी केली त्यांनी एका पद्धतीचे रंग दुसऱ्या पद्धतीच्या पिकअपवर लावले. त्यामुळे दुसऱ्या कॉइलची दोन्ही टोके एकमेकींना जोडली गेली आणि ती आख्खी कॉइल परिपथाबाहेर पडली. पिकअप निकामी नाही, अर्धाच जोडलेला आहे.

खात्री करण्यासाठी आता काळा-पांढरा जोड सोडवा आणि लाल वायर पॉटवरून काढा. मग काळी-पांढरी आणि लाल-हिरवी या जोड्या मोजा. दोन्हींत जवळपास सारखा आकडा यावा आणि इतर कोणत्याही दोन रंगांमध्ये परिपथ उघडा दिसावा. उघडी वायर पिकअपच्या धातूच्या पाट्याशी जोडलेली असते, ती ग्राउंडवरच राहू द्या.

पॉटवरचा आकडा १९७२ सालचा अठरावा आठवडा सांगतो. चारही पॉट सारखे आहेत, ही चांगली खूण आहे. ते मूळचेच असण्याची शक्यता मोठी आहे. मात्र पॉटची तारीख म्हणजे गिटारची तारीख नव्हे. पॉट मूळचे असतील तर गिटार त्याआधीची नाही, एवढेच त्यावरून म्हणता येते. फेंडरने १९६६ मध्ये पॉटचा मोठा साठा घेतला होता आणि त्यानंतरच्या काही वर्षांच्या गिटारमध्येही १९६६ चेच पॉट सापडतात.

प्रतिसाद ३

एवढे सगळे उघडलेच आहे तर जुने पॉट, कपॅसिटर, वायरी सगळे काढून नवा संच का बसवू नये? पन्नास वर्षांपूर्वीचे कपॅसिटर बिघडलेलेच असणार.

प्रतिसाद १

या मताला माझा ठाम विरोध आहे. जो भाग चालतो तो काढण्याचे कारण काय? जुने कागदी कपॅसिटर अँप्लिफायरमध्ये बिघडतात तेव्हा धोका असतो, कारण तिथे शेकडो व्होल्टचा दाब त्यांच्यावर असतो. अशा साध्या गिटारच्या टोनमध्ये त्यांच्यावर स्थिर दाब जवळजवळ नसतोच, त्यामुळे थोडी गळती झाली तरी ऐकू येईल असा फरक क्वचितच पडतो. टोनचे बटण फिरवल्यावर आवाज क्रमाने मऊ होत असेल, तर कपॅसिटर आपले काम करत आहे. पॉट खरखरत असतील तर इलेक्ट्रॉनिक भागांसाठीचा क्लीनर आत फवारून बटण वीस-पंचवीस वेळा फिरवले की ते बहुतेक वेळा सुधारतात.

जुन्या गिटारमधील अस्पर्शित सोल्डरला मोल असते, आणि ते केवळ विक्रीपुरते नसते. कोणत्या हाताने काय केले याचा तो एकमेव पुरावा असतो. याच धाग्यात पाहा: ब्रिज पिकअपच्या वायरी कशा जोडल्या होत्या हे जसेच्या तसे शिल्लक होते म्हणूनच चूक सापडली.

प्रतिसाद ४

विषय जवळचा असल्यामुळे इथेच विचारतो. माझ्या जुन्या तीन सिंगल कॉइल पिकअपच्या गिटारमध्ये मधला पिकअप मीटरवर पूर्ण उघडा परिपथ दाखवतो, तरीही त्यातून अगदी पातळ, दूरवरून आल्यासारखा आवाज येतो. तार तुटली असेल तर आवाज येतो कसा?

प्रतिसाद ५

मी अनेक वर्षे पिकअपचे वेढे घालत आलो आहे, म्हणून यावर थोडे विस्ताराने लिहितो. तुटलेल्या तारेची दोन टोके आणि त्यांच्या शेजारचे हजारो वेढे मिळून एक छोटा कपॅसिटर तयार होतो आणि त्यातून वरच्या पट्टीचा संकेत निसटतो. मीटर स्थिर विद्युतप्रवाहाने मोजतो, त्याला हा मार्ग दिसत नाही. म्हणून ‘उघडा परिपथ आणि पातळ आवाज’ ही तुटलेल्या कॉइलची जवळजवळ नेमकी ओळख आहे.

आशा ठेवायला जागा आहे. तार पुष्कळदा वेढ्यांच्या गर्भात न तुटता तिच्या सुरुवातीच्या किंवा शेवटच्या टोकाशी, जिथे ती तळपट्टीवरच्या पितळी छिद्राला सोल्डर केलेली असते तिथे तुटते. बाहेरची वायर कोणीतरी ओढली, तळपट्टी वाकली, किंवा सोल्डरजवळ हिरवट गंज चढला, अशी साधी कारणे असतात. भिंगातून पाहिले तर बाहेरच्या वेढ्याचे सुटलेले टोक दिसू शकते. ते सापडले तर केसाइतक्या बारीक तारेच्या दुसऱ्या तुकड्याने सांधा करता येतो. जुन्या तारेवरचे फॉर्मवार किंवा साधे इनॅमल सोल्डरच्या उष्णतेने जळून जात नाही, ते अगदी हलक्या हाताने, बारीक पॉलिश कागदाने घासून काढावे लागते. हल्लीच्या पॉलियुरेथेन तारेची सवय झालेले लोक इथे फसतात: सोल्डर वरवर चिकटलेले दिसते आणि आत संपर्कच नसतो.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका. तशा जुन्या सिंगल कॉइल पिकअपमध्ये तार थेट चुंबकाच्या दांड्यांभोवती गुंडाळलेली असते. दांड्याची उंची बदलण्यासाठी तो वरून दाबला की सर्वांत आतला वेढा त्याबरोबर खेचला जातो आणि तुटतो. आतले टोक तुटले की कॉइल पूर्ण उलगडून नव्याने वेढे घालण्यावाचून उपाय राहत नाही. चांगले पिकअप केवळ एवढ्या कारणाने गेलेले मी हाताळले आहेत, आणि प्रत्येक वेळी फार वाईट वाटते, कारण ते सहज टळले असते.

धागाकर्ता

काळी-पांढरी ४.१, लाल-हिरवी ४.१, बाकी सर्व उघडे. प्रतिसाद १ मधील निदान तंतोतंत बरोबर निघाले. आता काळी वायर संकेताला, लाल व पांढरी एकत्र, हिरवी व उघडी ग्राउंडला, असे जोडायचे ना? सोल्डरिंगबाबत काही काळजी?

प्रतिसाद ५

होय, तसेच जोडा. पण सोल्डर करण्याआधी दोन्ही कॉइलची दिशा तपासा, कारण मीटरवरचा रोध दिशा सांगत नाही. लाल-पांढरी नुसती पिळून जोडा, मीटरचे लाल टोक काळ्या वायरीला आणि काळे टोक हिरव्या वायरीला लावा आणि मीटर मिलिव्होल्टवर ठेवा. एका कॉइलच्या खांबांवर (गिटारच्या तारांखाली दिसणाऱ्या धातूच्या टोकांवर) पोलादी स्क्रूड्रायव्हर टेकवा आणि झटकन वर उचला. आकडा क्षणभर धन किंवा ऋण होईल. मग दुसऱ्या कॉइलवर तेच करा. दोन्हींवर चिन्ह सारखे आले तर संकेतांची बेरीज होईल. काट्याचा मीटर असेल तर हे अधिक स्पष्ट दिसते.

सोल्डर रोझिन गाभ्याचे घ्या, आम्लयुक्त फ्लक्स अजिबात नको. ६३/३७ प्रमाणाचे कथील-शिसे १८३ अंशांना एकदम वितळते आणि तसेच एकदम गोठते, त्यामुळे सांधा हलून खराब होण्याची शक्यता कमी असते. आयर्नचे टोक चपटे आणि ३५० ते ३७० अंशांदरम्यान असावे. पॉटची पाठ उष्णता ओढून घेते. तिथे बारीक, थंड टोक दहा सेकंद धरून ठेवण्यापेक्षा रुंद, गरम टोक तीन सेकंद धरणे पॉटसाठी सुरक्षित असते. ट्रान्सफॉर्मर असलेली सोल्डरिंग गन पिकअपजवळ नेऊ नका, तिच्याभोवतीच्या तीव्र चुंबकीय क्षेत्राने अल्निको चुंबक दुबळे होऊ शकतात. गिटारच्या रंगावर जाड कापड पसरा. सोल्डरचा एक थेंब जुन्या लॅकरवर कायमचा डाग पाडतो. खिडकी उघडी ठेवा आणि जुन्या सोल्डरमध्ये शिसे असते हे लक्षात ठेवून काम झाल्यावर हात धुवा.

धागाकर्ता

दोन्ही कॉइलवर चिन्ह सारखे आले, म्हणून जोडणी पक्की केली. जॅकवर ब्रिजचा आकडा आता ८.१ किलोओहम आहे, आवाज भरला आहे आणि घरघर गेली आहे. इतकी वर्षे ही गिटार अर्ध्याच आवाजाने वाजत होती हे कळल्यावर काय वाटले ते लिहिता येत नाही.

पण मधल्या स्थानी आवाज अजूनही पोकळ आहे.

प्रतिसाद १

अभिनंदन. ती दुसरी, स्वतंत्र चूक आहे. दोन्ही पिकअप परस्परांच्या विरुद्ध फेजमध्ये आहेत: एकाचा संकेत वर जातो तेव्हा दुसऱ्याचा खाली जातो, आणि दोघांत सारख्या असलेल्या खालच्या पट्ट्या एकमेकींना खोडतात. स्क्रूड्रायव्हरची हीच चाचणी जॅकवर, स्विच एका टोकाला आणि मग दुसऱ्या टोकाला ठेवून करा. चिन्हे उलट येतील.

उपाय ब्रिज पिकअपवरच करा: हिरवी वायर संकेताला लावा, काळी ग्राउंडला. लाल-पांढरा जोड तसाच राहील आणि उघडी वायर ग्राउंडवरच राहील. नेककडच्या पिकअपला हात लावू नका. त्याच्या वायरीची जाळी ही ग्राउंडही आहे आणि पिकअपच्या धातूच्या झाकणाशी जोडलेलीही आहे. ती उलटवली तर जाळी आणि झाकण दोन्ही संकेतावर येतील, हात लागताच घरघर सुरू होईल आणि जाळी आत कुठेही ग्राउंडला टेकली तर आवाज बंद होईल. अशा पिकअपची फेज उलटवायची झाल्यास आतला चुंबक फिरवावा लागतो. फ्लीटवूड मॅक या बँडचे गिटारवादक पीटर ग्रीन यांच्या लेस पॉल गिटारचा मधल्या स्थानावरचा सुप्रसिद्ध पोकळ आवाज नेक पिकअपमधल्या उलट्या चुंबकामुळेच होता. त्यांच्या हातात तो आवाज सुंदर होता, म्हणून आपणास तोही राखायचा असेल तर बदल करण्याआधी एकदा शांतपणे वाजवून पाहा.

प्रतिसाद ४

माझ्या मधल्या पिकअपचे बाहेरचे टोक भिंगाखाली सापडले, सोल्डरपासून अगदी दोन मिलिमीटरवर तुटलेले. सांधा केल्यावर ५.८ किलोओहम आले. प्रतिसाद ५ यांचे मनःपूर्वक आभार.

धागाकर्ता

वाजवून पाहिले, आणि मामांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांत मधल्या स्थानाचा आवाज भरदारच ऐकू आला. म्हणजे ही उलट फेजही पिकअप बदलल्यानंतरचीच. हिरवी आणि काळी अदलाबदल केली. आता मधल्या स्थानी दोन्ही पिकअप एकत्र, मोकळे वाजतात आणि आकडा ३.९ किलोओहम आहे. गिटारच्या तारांना हात लावल्यावर उरलेली किंचित घरघरही थांबते, म्हणजे ब्रिजची (पिकअपची नव्हे, तारा टेकतात त्या पट्टीची) ग्राउंड वायर शाबूत असावी.

काढलेल्या टेपचा तुकडा, जुन्या जोडणीची आकृती आणि नव्या जोडणीची आकृती, रंग आणि आकड्यांसह, एका पाकिटात घालून गिटारच्या पेटीत ठेवली आहे.

प्रतिसाद ५

ग्राउंडविषयीचा तर्क बरोबर आहे. आकृतीवर आजची तारीख आणि खोलीचे तापमानही लिहा. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो, त्यामुळे २० अंशांना ८.२ किलोओहम असलेला हाच पिकअप ३० अंशांना ८.५ दाखवेल, आणि पुढे कधी ही पेटी उघडणाऱ्याला पिकअप बदलला गेला असे उगाच वाटू नये.